पहिल्यांदाच मेक्सिकन स्टाइल पिल्सनर बिअर घेतोय ना, मग हे वाच

भाऊ, नागपूरच्या 45 डिग्रीत एकदम बर्फगार ढोसशील तर चव काहीच कळणार नाही, फ्रिजमधून काढून पाचेक मिनिटं राहू दे मग मक्याचा तो हलका गोडवा वर येते, या स्टाइलमध्ये बार्लीसोबत मका टाकतात ना, त्यानंच बॉडी, म्हणजे तोंडात लागणारा जडपणा, हलकी राहते. ग्लासातच ओत, बाटलीला तोंड नको लावू. आधी वास घे, ताज्या पावासारखा, अन् मागून हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, ओल्या गवतासारखा. मूळ पिल्सनर 1842 ची, बोहेमियातल्या (आताच्या चेक देशातल्या) पिल्झेनची, ती चांगली कडू, ही शेवटी कोरडी, म्हणजे गोडवा मागे न ठेवता, अन् साफ संपते. लिंबू अर्धा ग्लास झाल्यावरच पिळ. सावजीसोबत तर बिलकुल नको, मी घेतली होती, तिखटात सगळं गेलं. खारे शेंगदाणे मस्त जमतात.