लेकरू लिहायलाच बसत नाही, मॅडम

दिवाळीची सुट्टी संपली की लातुरात माझ्याकडे आया एकच काळजी घेऊन येतात. सिनिअर केजी निम्मं सरलं, पहिलीचे प्रवेश तोंडावर आले आणि लेकरू काही लिहीत नाही. ज्या गावाच्या नावानं अभ्यासाचा 'पॅटर्न' ओळखला जातो, तिथं ही धास्ती केजीपर्यंत उतरणारच. मी ती कधी हसण्यावारी नेत नाही.

त्यातल्याच एका आईची ही गोष्ट, खाणाखुणा बदलून सांगते. मुलगा साडेपाच वर्षांचा. तिनं वही उघडून माझ्यापुढे ठेवली. 'अ'ची ओळ होती. तिसऱ्या 'अ'पाशी खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं, आणि त्यातून पुढच्या पानावरचा 'आ' दिसत होता.

"हे कुणी खोडलं?"

"मीच. वाकडं काढतो ओ. रागावून झालं, चॉकलेट देऊन झालं."

"तो काय म्हणतो?"

"हात दुखतो म्हणतो. नाटकं नुसती."

नाटक नव्हतं. मनगटात 8 हाडं असतात, आणि या वयात त्यांतली काही अजून हाड न झालेली मऊ कूर्चाच असतात. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, त्रिकोण जमायला पाच उजाडतात. 'अ'मध्ये तर गोलाई, आडवी रेघ, उभा दंड, सगळं एकदम. मुळाक्षरांत तो पहिला असला तरी हाताला अवघड. म्हणून पुष्कळ बाई 'ग म भ न'पासून सुरुवात करतात, ते उगीच नाही. त्याआधी कणीक मळू द्या, शेंगा फोडू द्या, मातीत काडीनं रेघा ओढू द्या.

पहिल्या दोन भेटींत त्यानं माझ्याकडच्या पेन्सिलीला हातसुद्धा लावला नाही. तिसऱ्या वेळी मी पेन्सिल स्वतःच्याच हातात घेतली. नुकतीच येळवस, म्हणजे घरच्यांनी रानात जाऊन साजरी करायची वेळ अमावस्या, होऊन गेली होती.

"रानात गेला होतास? सांग, मी लिहून घेते."

"आजीनं आंबील दिली. मी कोपीत झोपलो."

कोप म्हणजे रानातली झोपडी. जसं बोलला तसंच मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि शब्दांखाली बोट फिरवत वाचून दाखवलं. तो कागदाकडे बघत राहिला.

"मॅडम, ह्यात आंबील कुठाय?"

मी दाखवलं. त्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं, मान वाकडी करून बघितलं आणि ओरडला, "हा तर वहीतला 'आ' हाय!" मग स्वतःच वाक्याच्या सुरुवातीला गेला. "आजीत बी हाच!"

आई दाराशी उभी होती. ज्या वहीवरून घरात महिनाभर रडारड झाली, तिच्यातलं अक्षर त्या लेकरानं आजीत आणि आंबिलीत शोधून काढलं होतं. तिच्या तोंडून शब्द फुटेना. इतकी वर्षं हे काम करूनही त्या क्षणी माझा गळा दाटला.

मला जे उमगलं ते असं: हाताची तयारी आणि लिहिण्याची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्यांची एकच गाठ मारतो. हात दमला की ओढही मरते. आपलंच बोलणं कागदावर बसतं हे मुलाला एकदा दिसलं, की अक्षर परकं राहत नाही. बालशिक्षणाला आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, ते मुलांच्या अंगणातल्या पानं-शिंपल्यांना धरून. माझी वाट तीच आहे.

म्हणून सांगते, रोज दहा मिनिटं मुलानं बोलावं आणि तुम्ही दोनच वाक्यं लिहावीत. बोट फिरवत वाचावं. एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा दाखवावा. 'लातूर'सारखा सुरू होणारा शब्द विचारावा, लाडू म्हटला की कौतुक करावं. खोडरबर कपाटात ठेवावं. आणि प्रवेशाची भीती धरू नका: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेला प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. मात्र पाच वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला कळत नसेल, किंवा हाक मारल्यावर ते वळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. तिथं वाट बघू नये.

फेब्रुवारीत त्या आईनं मोबाईलवर फोटो दाखवला. घराच्या भिंतीवर कोळशानं मोठ्ठं 'कप' लिहिलेलं. त्याला 'कोप' लिहायचं होतं, काना-मात्रा राहिली होती.

"मी पुसलं नाही, मॅडम," ती म्हणाली.