चुडा घट्ट होतोय? आधी बीपी मोजा

गरोदरपणातल्या सुजेवर मागे एकदा लिहून झालंय, तरी या खेपेला गरोदर बायकांनी विचारलेल्या प्रश्नांत निम्मे सुजेचेच. म्हणून ते पुन्हा, जरा सविस्तर. बाकीचे आजूबाजूला उरकते.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्यापासून शौचाला काळं होतं. बंद करू का?

नाही. तो लोहाचा रंग आहे. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. शौचाला डांबरासारखं चिकट होऊन घाण वास येत असेल, तरच डॉक्टरांना दाखवा.

केशराच्या दुधाने बाळ गोरं होतं का?

दूध प्या, केशराचे पैसे ठेवा.

पहिलटकरीण आहे, ३२वा आठवडा. ओटीभरण करून माहेरी आले. चेहरा आणि हात सुजलेत, अंगठी निघत नाही, दोन दिवस डोकं दुखतंय. आई म्हणते, "सूज येतेच, मीठ बंद कर." तपासणी दोन आठवड्यांनी आहे. थांबू का?

थांबू नका. आजच, आत्ताच निघा.

दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय सुजले आणि सकाळी उतरले, तर मी फार घाबरत नाही. पण सकाळी उठल्यावर चेहरा फुगलेला, बोटं जड, आठवड्यात वजन एकदम वाढलेलं, असं असेल तर आधी दंडाला पट्टा बांधते. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर गेलं आणि लघवीत प्रथिनं दिसू लागली, की त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. १६०/११० म्हणजे आणीबाणी. या आजाराचं मूळ वारेत (नाळेमार्फत बाळाला पोसणाऱ्या अवयवात) आहे, मिठाच्या बरणीत नाही. मीठ तोडून तो टळत नाही. आणि सूज नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. काहींना ती येतच नाही, नुसतं बीपी चढतं.

न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काहीही झालं की निघायचं. बरगडीखालच्या दुखण्याला घरोघरी 'ॲसिडिटी' म्हणतात आणि सोडा पाजतात. पुढे झटके (फिट) आले की आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आहे, पण ते दवाखान्यात आहे, तुमच्या माजघरात नाही.

माझ्या वॉर्डात एक मुलगी आली होती, डोहाळजेवणातला हिरवा चुडा मनगटात रुतलेला. साबण लावून एकेक बांगडी काढावी लागली, दोन फोडाव्या लागल्या. खाली कातडीवर लाल वळ. "अंग छान धरलंय" असं म्हणत घरच्यांनी आठ दिवस कौतुक केलं होतं. बीपी १७०/११०. फाइल विचारली, तर ती सासरच्या कपाटात.

माझा राग इथे आहे. माहेरी जायला माझा विरोध नाही, पण सातव्या महिन्यात ओटी भरली, गाव बदललं, जुने डॉक्टर सुटले, नवे 'सावकाश बघू' आणि तपासणीत महिन्या-दीड महिन्याचं भगदाड. बीपी बहुधा याच दिवसांत चढतं. पिशवीत साडीच्या आधी माता-बाल संरक्षण कार्ड आणि रिपोर्ट घाला, माहेरी पोचल्याच्या आठवड्यात नाव नोंदवा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. वरची लक्षणं असतील तर मात्र ९ तारखेची वाट बघायची नाही, १०८ लावा.

आणि बीपी मोजताना पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर. ड्रेसच्या बाहीवरून मोजलेला आकडा मी धरत नाही.

बाळंत झालं की सुटलो, असंही नाही. झटके बाळंतपणानंतरही येतात. बाळंतिणीचं डोकं दुखलं की 'वारं लागलं' म्हणून कान बांधतात. बांधा, पण आधी बीपी बघा.

नाळेचं रक्त साठवायला एक माणूस ओपीडीबाहेर भेटला. "बाळाचा आयुष्यभराचा विमा" म्हणतो, हप्तेही आहेत. घ्यावं का?

विमा वगैरे काही नाही. निरोगी घरात ते रक्त स्वतःच्या बाळाला लागण्याची शक्यता अगदी कमी, आणि आजार जनुकातला असेल तर तोच दोष त्या रक्तातल्या पेशींतही असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद असं खासगी साठवण सुचवत नाही. घरात आधीच कुणाला रक्ताचा आजार असेल, तर रक्तविकारतज्ज्ञांना विचारा, त्या माणसाला नको. हप्त्याच्या पैशांत चांगला बीपीचा यंत्रपट्टा येईल.

बाळ तीन दिवसांचं आहे, पिवळं दिसतंय. कोवळ्या उन्हात ठेवू का?

ऊन हा उपचार नव्हे. आज डॉक्टरांना दाखवा. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडलं किंवा दूध ओढेना, तर त्याच तासाला.

आठवा महिना, ३४ आठवडे पूर्ण. बीपी आटोक्यात येत नाही म्हणून डॉक्टर आत्ताच डिलिव्हरी करू म्हणतात. सासूबाई म्हणतात, सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, नववा लागू दे.

हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा फुप्फुसाला बळ देतो, तेव्हा आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा नाजूक कसं असेल? पण बीपी असं चढत असताना पोटात राहणंच बाळाला महाग पडतं, आणि हा आजार उतरायला बाळ आणि वार बाहेर यावीच लागते. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन द्यायचं आहे का, आणि इथे नवजात अतिदक्षता कक्ष आहे का? नसेल, तर बाळ पोटात असतानाच मोठ्या रुग्णालयात हलवा. सासूबाईंनाही डॉक्टरांसमोर बसवा. चार वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकली की बऱ्याच जणी आपणहून रिक्षा बोलावतात.