अहवाल लिहिण्याआधी

चि. मुली, तुला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तलाठी म्हणून रुजू होऊन वर्षही झालं नाही आणि हा प्रश्न तुला पडला, याचं मला बरं वाटलं. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, अहवालात ‘शेती पडीक’ एवढंच घाल, असं तुझ्या वरिष्ठांनी सुचवलं. माणूस चांगला आहे, काम त्यांनीच शिकवलं, आई आजारी असताना रजाही त्यांनीच मिळवून दिली, असं तू लिहितेस.

मला त्या चांगुलपणाबद्दलच बोलायचंय. पाकीट घेऊन येणारा तुला लांबूनच ओळखता येईल. ज्याचे उपकार आहेत, त्याला नाही म्हणताना मात्र जीभ जड होते, आणि मग आपलंच मन त्याच्या बाजूने कारणं शोधू लागतं. गोव्यात तर हे फारच. इथे कंत्राटदार शेजारी असतो, पंच आतेभाऊ, आणि सगळे एकाच देवळाचे महाजन. वाईट काम कर, असं कोणीच सांगत नाही. ‘एवढं सांभाळून घे’ म्हणतात.

शेत पडीक आहे हे खरंच. पण ते पडलं कशाने? मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर, जाऊन बघ. मानशीची दारं भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. खारं पाणी बाहेर राहतं, शेतातलं निघून जातं. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, घेतलेला माणूस कधीकधी भरतीलाही दारं उघडी ठेवतो, कारण आत येणाऱ्या पाण्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात. असं चालू राहिलं की मिठाने जमीन जळते, खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भातसुद्धा उगवेनासं होतं. कुळं कंटाळून पेरणी सोडतात. मग कोणीतरी तुझ्याकडे येऊन म्हणतो, इथे शेती होतच नाही, तसं लिहून टाक. तेवढ्या एका ओळीवर जमीन दुसऱ्या वापराला काढायचे पुढचे कागद उभे राहतात. कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायला १९९१ च्या कायद्याने बंदी आहे. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत खाजनांत विकासकामांना परवानगी नव्हती. ही कलमं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नकोस, स्वतः वाच.

सल्ला देणाऱ्याकडे बघताना मी एकच गोष्ट विचारत आलो: हे चुकलं तर भोगणार कोण? वरिष्ठांचं काही जाणार नाही, सही तुझी आहे. बांधापलीकडच्या कुळाचं शेत जाणार आहे. त्याला कोणी विचारलंय का? मला तरी तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकरणीचं मत साऱ्या कचेरीपेक्षा मोलाचं वाटतं. बांध फुटला की चिखल भरायला तीच उतरते.

म्हणून कोणाचंच ऐकू नकोस, असं मात्र नाही. एकट्याने ठरवणाऱ्यालाही आपल्या सोयीचं तेच खरं वाटू लागतं. वरिष्ठांशी वैर धरू नकोस. त्यांनी रजा दिली, त्याबद्दल त्यांच्या घरच्या कार्याला राबायला जा, अडल्यानडल्याला धावून जा. ते ऋण तुझं आहे, तू फेड. सरकारी कागदावर ते फेडायचं नाही. त्यांना नीट सांग, ‘सर, पडीक आहे असं लिहिते, पण पाणी कुठून आलं तेही लिहिते.’ ते खरोखर तुझे हितचिंतक असतील तर थोडे नाराज होतील आणि विसरतील. नसतील, तर तेही तुला आत्ताच कळलेलं बरं.

आणि हेच माझ्याही बाबतीत लक्षात ठेव. मी निवृत्त, माझं काहीच पणाला लागलेलं नाही. तेव्हा अहवालाचा मसुदा मला दाखवायला आणू नकोस. भरती-ओहोटीच्या वेळा बघून दोन्ही वेळी मानशीवर जा, दारांचे फोटो तारीख-वेळेसह काढ, दोन्ही बाजूंच्या कुळांचे जबाब घे आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या तिथेच घे. चतुर्थीला घरी ये, आईलाही घेऊन ये.

तुझा,
काका