विचारा की! : आईने पेनड्राईव्हवर ठेवलेलं मला जर्मनीत कसं दिसेल?

प्रश्न : मी श्टुटगार्टला असते, आई-बाबा कराडला. घरी डीडी फ्री डिशचा बॉक्स आहे, आई त्याला पेनड्राईव्ह लावून सह्याद्रीवरचं काही ना काही रेकॉर्ड करते, आषाढीची महापूजा, गाण्याचे कार्यक्रम असं. "तुझ्यासाठी ठेवलंय, आलीस की बघ" म्हणते. मी वर्षातून एकदा येते, तोवर ३२ जीबी भरून आईने जुनं पुसलेलं असतं. इथे बसून बघता येईल का? घरी फायबर आहे, माझा कॉलेजचा जुना लॅपटॉप पडून आहे. बाबांना व्हिडिओ कॉल जमतो, त्यापुढे काही सांगायचं म्हणजे माझाच घाम निघतो.

उत्तर : ताई, येईल, आणि तुमचं नशीब एवढ्यासाठी चांगलं की बॉक्स फ्री डिशचा आहे. तिथले बहुतेक चॅनल लॉक केलेले नसतात, त्यामुळे पेनड्राईव्हवरचं रेकॉर्डिंग बहुतेक बॉक्समध्ये साध्या टीएस प्रकारच्या व्हिडिओ फाईलमध्ये येतं आणि लॅपटॉपवर व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेयरमध्ये सरळ चालतं. एकच कार्यक्रम दोन-तीन तुकड्यांत दिसला तर घाबरू नका, पेनड्राईव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असला की ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर बसतच नाही, म्हणून बॉक्स तुकडे पाडतो.

पण आधी एक सोपं बघून घ्या. सह्याद्रीचं बरंच काही यूट्यूबवर येतं, आणि प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यातही दूरदर्शनचं असतं. हवं ते तिथे मिळालं तर खालचा सगळा कुटाणा वाचला. आईने निवडून ठेवलेलंच बघायचंय म्हणत असाल (मला तरी प्रश्नातून तसंच वाटलं) तर पुढे वाचा.

जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर टाका, घरचे व्हिडिओ दुसऱ्या मशीनवर दाखवणारं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०१८ च्या शेवटी एम्बी नावाच्या तशाच सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेलं. फोल्डर दाखवला की त्यातल्या फाईली नीट मांडून ब्राउझरमध्ये देतं. तुम्ही प्लेक्सचं नाव ऐकलं असेल, तेही चांगलं आहे, पण २९ एप्रिल २०२५ पासून आपलेच व्हिडिओ घराबाहेरून बघायला ते पैसे मागतं, म्हणून मी तुम्हाला तिकडे पाठवत नाही.

आता खरी मेख. घरचा लॅपटॉप बाहेरून सापडणार कसा? जुने लेख सांगतात राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडा, झालं. आपल्याकडे बऱ्याच घरी ते होतच नाही कारण कंपनी अख्ख्या गल्लीला मिळून एकच बाहेरचा पत्ता देते, त्याला सीजीनॅट म्हणतात. बाबांना राउटरच्या सेटिंगच्या पानावरचा वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) वाचायला सांगा, तो १००.६४ ते १००.१२७ यातल्या कशाने सुरू होत असेल तर तुम्ही त्या गल्लीतलेच, कितीही पोर्ट उघडा, बाहेरून येणारा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचणारच नाही. आणि पोचत असेल तरी दार असं सताड उघडं ठेवू नये हे माझं मत.

त्याऐवजी टेलस्केल वापरा, आपल्याच मशीन इंटरनेटवरून एकमेकांना खाजगीत जोडणारं ॲप. घरच्या लॅपटॉपवर आणि तुमच्या मोबाईलवर एकाच अकाउंटने लॉगिन करायचं, दोन्हीकडून कनेक्शन आतून बाहेर जातं त्यामुळे सीजीनॅटची अडचण येत नाही, आणि मधला सगळा प्रवास वायरगार्ड या तंत्राने एन्क्रिप्ट होतो, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येत नाही. घरगुती वापराला फुकट. लॅपटॉपला त्यात १०० ने सुरू होणारा एक नंबर मिळतो (हो, हाही शंभरचाच, माझाही पहिल्यांदा गोंधळ झालेला), ब्राउझरमध्ये तो नंबर, पुढे कोलन आणि ८०९६ टाकला की जेलीफिन उघडतं.

स्पीडचं म्हणाल तर बघायचा तो घरचा अपलोड, तुमचा जर्मनीतला डाउनलोड नाही. साधं एसडी रेकॉर्डिंग ३ एमबीपीएसचं धरलं तर तासाला साधारण १.३५ जीबी होतं, फायबरला ते काहीच नाही. अडेल तर लॅपटॉप अडेल. फ्री डिशवरचे बरेच चॅनल एमपेग-२ या जुन्या व्हिडिओ प्रकारात येतात आणि ब्राउझरला ते कळत नाही, मग जेलीफिन चालता चालता रूपांतर करत बसतं आणि जुना लॅपटॉप तव्यासारखा तापतो. त्यापेक्षा जेलीफिनमधून फाईल डाउनलोड करून व्हीएलसीत बघा, सगळा ताप वाचतो.

बाबांचं काम एवढंच, संध्याकाळी पेनड्राईव्ह बॉक्समधून काढून लॅपटॉपला लावायचा, फाईल फोल्डरमध्ये ओढायची, पेनड्राईव्ह परत बॉक्सला. पहिल्या दोन वेळा व्हिडिओ कॉलवर करून घ्या, जमेल. लॅपटॉपला डीव्हीबी-एस२ ट्यूनर (छत्रीचा सिग्नल थेट लॅपटॉपमध्ये घेणारं यंत्र) लावून पेनड्राईव्हची ने-आण बंद करता येते, पण मग छत्रीवरून दुसरी वायर हवी आणि दोन तोंडांचा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) हवा. एकाच वायरला स्प्लिटर मारू नका, बॉक्स आणि ट्यूनर दोघेही त्याच वायरवरून एलएनबीला आपापलं व्होल्टेज पाठवणार, आणि दोघांच्या भांडणात आईचा टीव्ही दिसायचा बंद होणार. ते तुम्ही सुट्टीत आल्यावरच करा.

शेवटचं, झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपणार नाही असं सेटिंग करा आणि राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. मिरजेला बहिणीकडे मी हेच लावून दिलं होतं, लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर मजेत चालू आणि राउटर मेलेला, मी इकडे तासभर पासवर्ड बदलत बसलो!

प्रश्न : आमच्या डीटीएचच्या एचडी बॉक्समध्ये ५०० जीबीची हार्डडिस्क आहे. ती काढून कॉम्प्युटरला लावली तर असंच बघता येईल का? (नाशिक)

उत्तर : नाही. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचं रेकॉर्डिंग त्या बॉक्सशीच बांधलेलं आणि एन्क्रिप्ट केलेलं असतं. डिस्क कॉम्प्युटरला लावलीत तर तो "फॉरमॅट करू का?" विचारेल, तिथे चुकून जरी हो म्हटलंत तर सगळं रेकॉर्डिंग गेलं. डिस्क काढूच नका. कंपनीचं ॲप असेल तर बाहेरून नवीन रेकॉर्डिंग लावता येतं का ते त्यात बघा, पण ते बघायला बहुतेक त्याच टीव्हीसमोर बसावं लागेल.

प्रश्न : भावाने अमेरिकेहून येताना स्लिंगबॉक्स आणून दिलाय, घरचा टीव्ही जगात कुठेही दिसतो म्हणे. ॲप काही केल्या जोडलं जात नाही. (ठाणे)

उत्तर : दादा, वस्तू एकेकाळी भारीच होती, २००५ मध्ये आली तेव्हा लोक वेडे झाले होते. पण तिचं ॲप कंपनीच्या सर्व्हरला विचारून चालायचं आणि ते सर्व्हर ९ नोव्हेंबर २०२२ ला कायमचे बंद झाले. तुमचं काही चुकत नाहीये, राउटर रीसेट करणं थांबवा. भावाने फुकटात आणला असेल तर ठीक, पैसे देऊन घेतला असेल तर परत घेतात का ते त्याला विचारायला लावा.