चमोड ४४४ (म्हणजे फाईल सगळ्यांना फक्त वाचता येईल अशी परवानगी) करूनही फाईल बदलली. रूटलाही, म्हणजे सगळे हक्क असलेल्या मुख्य वापरकर्त्यालाही, हात लावता येणार नाही असं कुलूप लिनक्सवर आहे का?

आहे, पण किल्ली रूटच्याच खिशात राहते. चमोडचे आकडे रूटला अडवतच नाहीत. ४४४ करा नाहीतर शून्य, तो सरळ लिहून मोकळा होतो.

डिस्कची फाईलसिस्टीम ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस असेल तर फाईलला चॅटर +आय ही कमांड द्या. मग फाईल बदलणं, पुसणं, नाव बदलणं, तिची हार्ड लिंक करणं, सगळं बंद; रूटलाही आधी -आय करावं लागतं. फायलींची यादी आणि परवानग्या दाखवणाऱ्या एलएस -एलमध्ये मात्र यातलं काहीच दिसत नाही, त्यासाठी एलएसअॅटर ही कमांड लागते.

इथंच मी फसलोय. लातूरला एका संस्थेचा सर्व्हर सांभाळायचो. ईटीसीमधल्या शॅडो फाईलला (पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवणारी फाईल) +आय लावलं आणि विसरून गेलो. ऐन प्रवेशाच्या गर्दीत ऑपरेटर पोराचा फोन, "सर, पासवर्ड बदलंना झालाय." स्क्रीनवर ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर. मी पॅम (लॉगिन तपासणारी व्यवस्था) उकरलं, डिस्क भरली का पाहिलं, एलएस -एल चार वेळा मारलं. सगळं ठीक! पासवर्ड बदलणारी कमांड नवी फाईल तयार करून जुनीच्या जागी सरकवते, आणि ते सरकवणंच मी बंद केलं होतं.

तेव्हापासून ईटीसीमधली पासवर्ड फाईल (खात्यांची यादी), शॅडो, बिनमधल्या फायली (कमांडचे प्रोग्राम) यांना मी हे कुलूप लावत नाही. अपडेटही तिथंच अडकतात. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचडीच्या कॉन्फिग फाईलला लावतो. लॉगला +ए, म्हणजे फक्त शेवटी भर घालता येते, पण मग जुने लॉग बाजूला सरकवणारं लॉगरोटेट कुरकुरतं.

किल्लीच काढून घ्यायची असेल तर फ्रीबीएसडी ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम बघा. तिथं फाईलला एससीएचजी फ्लॅग (+आयसारखंच कुलूप) लावून सिक्युअर लेव्हल (सिस्टीमची सुरक्षा पातळी) १ केली की चालू मशीनवर रूटलाही फ्लॅग काढता येत नाही, आणि ती लेव्हल खालीही आणता येत नाही. मशीन समोर बसून सिंगल युजरमध्ये (दुरुस्तीच्या मोडमध्ये) बूट करावं लागतं. सर्व्हर संभाजीनगरला आणि तुम्ही उदगीरला असाल, तर दर अपडेटला एसटीचं तिकीट काढायची तयारी ठेवा.

आणि दादा, तुमची फाईल बदलली म्हणजे बदलणारा फाईलचा मालक, त्या फोल्डरमध्ये लिहू शकणारा कुणी किंवा रूट झालेला असू शकतो. कुलूप नंतर लावा. आधी सुडोअर्समध्ये (रूटचे हक्क वापरू शकणाऱ्यांची यादी) कुणाकुणाची नावं आहेत आणि रूटच्या ऑथोराइज्ड कीजमध्ये (पासवर्डशिवाय लॉगिन करू देणाऱ्या किल्ल्यांची फाईल) अनोळखी ओळ आहे का, ते बघा. अनोळखी ओळ सापडली तर त्या मशीनवर भरवसा ठेवू नका, नव्यानं इन्स्टॉल करा.