पार्थेनॉनमध्ये एकही रेषा सरळ नाही, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. ‘एकही नाही’ म्हणणे थोडे ताणलेले ठरेल, परंतु इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात अथेन्समध्ये उभारलेल्या या मंदिराच्या मुख्य रेषांना जाणीवपूर्वक बाक दिलेला आहे.

खांबांखालचा चौथरा मध्यभागी किंचित उचललेला आहे. सुमारे ७० मीटरच्या लांब बाजूवर हा उठाव जेमतेम ११ सेंटिमीटर भरतो, त्यामुळे तो सहजी जाणवत नाही. मात्र पायरीच्या एका टोकाशी डोळा टेकवून पाहिल्यास दुसऱ्या टोकाला ठेवलेली लहानशी वस्तू त्या बाकामागे दडते. खांब मध्ये हलके फुगीर आहेत, आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत आणि कोपऱ्यांतले खांब, बहुधा मोकळ्या आकाशासमोर बारीक भासू नयेत म्हणून, इतरांपेक्षा जाड आहेत.

रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियसच्या मते सपाट चौथरा डोळ्यांना खोलगट भासतो, म्हणून तो उचलावा लागतो. पावसाचे पाणी निचरावे, हाही हेतू असू शकेल. मला सर्वांत थक्क करते ती पाथरवटांची कामगिरी, कारण या बाकामुळे संगमरवराचा जवळजवळ प्रत्येक चिरा त्याच्या नेमक्या जागेपुरता वेगळा घडवावा लागला.

पार्थेनॉनचे खांब ज्या डोरिक, म्हणजे साध्या व भक्कम प्राचीन ग्रीक, शैलीतले आहेत, त्याच शैलीचे खांब १८३३ साली पूर्ण झालेल्या मुंबईच्या टाऊन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या, दर्शनी भागात पाहता येतात.