पणजोबांचा तारा आणि सोसायटीतले सुभेदार

कारगिल दिवस जवळ आलाय म्हणून असेल, या वेळी फौजेबद्दलची पत्रं बरीच आली. सगळी घेता येत नाहीत, चार घेतलीयेत.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहतो, मूळ गाव माणगाव तालुक्यात. गावचं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली, तिच्यात पणजोबांचा सहा टोकांचा एक पिवळट तारा, त्याला लाल-पांढरी-हिरवी फीत, आणि एक गोल पांढरट मेडल. पणजोबा लढाईतून परत आले, शेती केली, गेले, पण कुठे लढले ते घरात कुणालाच माहीत नाही. काका म्हणतात इंग्रजांची चाकरी केली त्यात मिरवायचं काय, ऑनलाइन विकून टाक, बरे पैसे येतात. काय करू?

उत्तर : दादा, आधी काकांना म्हणावं जरा दम धरा. आणि घरात कुणी चिंच घेऊन बसलं असेल तर त्यांनाही थांबवा. माझ्या मावशीने सासऱ्यांचं मेडल दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर घासलं, देव लख्ख झाले आणि त्यावर कोरलेल्या सासऱ्यांच्या फौजेतल्या नंबरातले शेवटचे दोन आकडे गेले ते गेलेच. फक्त कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बास.

तुमच्याकडे आहे तो इटली स्टार. फितीचे रंग इटलीच्या झेंड्याचे आहेत त्यावरूनच कळतं. गोल मेडलच्या एका बाजूला मुकुट घातलेला राजा आणि दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह दिसतोय का बघा, असेल तर ते दुसऱ्या महायुद्धाचं वॉर मेडल. आता खरी गंमत. इंग्रजांनी स्वतःच्या शिपायांना हे तारे दिले ते कोरे, नाव नाही काही नाही, पण भारतीय फौजेतल्या लोकांच्या मेडलांवर बहुतेक वेळा नंबर, नाव, पलटण असं सगळं घातलेलं असतं. ताऱ्याच्या पाठीवर बघा आणि गोल मेडलच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे खाचा असतात त्या जागी. रात्री दिवे घालवा, मोबाईलचा टॉर्च आडवा धरा आणि मेडल हळूहळू फिरवत राहा, समोरून बघून काहीच दिसत नाही पण तिरप्या उजेडात अक्षरं उठून येतात. सगळ्यात महत्त्वाचा नंबर. नाव तेव्हाच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं त्यामुळे त्याच्यावर फार विसंबू नका.

मराठा पलटण निघाली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तेव्हा रेजिमेंटच्या नावातलं मराठा हे इंग्रजीत मधे एक जादा एच घालून ‘माहराट्टा’सारखं लिहायचे, हल्लीच्या स्पेलिंगने शोधलंत तर अर्धं हाताला लागणारच नाही. आणि जिल्हा रायगड नाही, कुलाबा. रायगड हे नाव १९८१ नंतरचं. जे लढाईत गेले त्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत ऑनलाइन फुकट शोधता येतात, पण तुमचे पणजोबा परत आले म्हणजे तिथे नसणार, तुम्हाला बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागेल, सोबत मेडलचे फोटो आणि नंबर जोडा. अर्ज कसा करायचा ते ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्या.

आता काकांचं. प्रश्न चुकीचा नाहीये त्यांचा, मीही कॉलेजात असताना असंच बोलायचे. दुसऱ्या महायुद्धात भारतातून २५ लाखांच्या आसपास माणसं फौजेत होती, सक्तीची भरती नव्हती, पण कोकणातल्या तरुणाला चॉइस तरी किती होता, एक तर मुंबईची गिरणी नाहीतर पलटण, आणि घरची सगळी वाट बघायची ती मनीऑर्डरची. राजासाठी जीव द्यायला कोण निघालं होतं? पण एकदा तिथे पोचल्यावर शेजारच्या गड्याला सोडून पळायचं नाही एवढं तर नक्की होतं. तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या की. पळसगावचे यशवंत घाडगे, हुद्दा नाईक, पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण (३/५ मराठा), वय २२. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि ते सोडून सगळे एकतर मेले नाहीतर जखमी. ते एकटे धावून गेले, हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळच नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचा शौर्याचा सगळ्यात मोठा मान. कबर सापडलेली नाही, इटलीतच कसिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे. २०२३ मध्ये इटलीत मोंतोने नावाच्या गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ बसवलं. आणि आपण गणपतीला माणगावच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकतो, पण त्यांचं नाव गाडीतल्या किती जणांना सांगता येईल?

काकांना अजून एक सांगा. घाडग्यांची तीच तिसरी पलटण, ३ मराठा, पुढे पॅराशूटवाली झाली आणि १९४८ च्या मार्चमध्ये काश्मीरात झांगर हे ठाणं परत घेतलं तेव्हा ब्रिगेडियर उस्मान यांच्या ब्रिगेडमध्ये लढत होती. इटलीतून परत आलेली पलटण, मधे चारसुद्धा वर्षं नाहीत, झेंडा फक्त बदललेला. आता यातली चाकरी कुठे संपली आणि देशसेवा कुठे सुरू झाली ते रेघ मारून काकांनीच दाखवावं.

विकायचं तर अजिबात नाही. तारा एकाकडे आणि गोल मेडल दुसऱ्याकडे गेलं की नंबरवरून माणूस जुळवणं गेलंच.

प्रश्न : आम्ही नेरूळला राहतो. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक रिटायर्ड सुभेदार आजोबा आहेत, पंचाहत्तरीचे. २६ जुलैला त्यांचा सत्कार करायचा कमिटीने ठरवलंय. ते नाही म्हणतायत. फार आग्रह केला तर एकदाच म्हणाले, “टांगाईलला उडी मारली होती, त्यात काय एवढं.” शाल-श्रीफळ ठीक आहे ना? नाही म्हणणाऱ्याला कसं तयार करायचं?

उत्तर : टांगाईल! वरचं उत्तर लिहून झाल्यावर तुमचं पत्र उघडलं आणि मी खुर्चीतच सरळ बसले. ११ डिसेंबर १९७१, बांगलादेशची लढाई, ढाक्याच्या उत्तरेला टांगाईलजवळ दुपारी उशिरा विमानांतून पॅराशूटने उतरलेली पलटण म्हणजे २ पॅरा, पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, आणि २ पॅरा म्हणजे आत्ताच सांगितली ती घाडग्यांची जुनी ३ मराठा, नंबर बदललेली. पुंगलीचा पूल धरायचा आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची हे काम होतं. पाच दिवसांनी, १६ तारखेला, ढाक्यात पहिल्यांदा शिरली तीही हीच पलटण. आणि आजोबा म्हणतात त्यात काय एवढं.

आता सत्कार. आधी २६ जुलैचा हट्ट सोडा, तो कारगिलचा दिवस, त्यांची लढाई वेगळी, त्यांचा दिवस ११ नाहीतर १६ डिसेंबर. दुसरं, हुद्दा त्यांनाच विचारून लिहा, पुष्कळ सुभेदार रिटायर होताना ऑनररी लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन होतात आणि बॅनरवर चुकलं की ते काही बोलणार नाहीत, पण लक्षात राहतं. आमच्या इथे एका कार्यक्रमात निवेदकाने समोर बसलेल्या जिवंत माणसाला माइकवर ‘शहीद’ म्हटलं होतं, त्यांच्या बायकोचा चेहरा मी विसरलेले नाही. तिसरं, डीजे नको आणि दीड तास उन्हात उभं करू नका, गुडघ्यांचं वय झालंय.

आणि खरं सांगू, त्यांना स्टेजवर नेऊच नका. दोन पोरं, एक मोबाईल रेकॉर्डिंगला, आणि चहा घेऊन त्यांच्या घरी जा. ‘पराक्रम सांगा’ म्हणाल तर ते गप्प बसतील. विचारा पॅराशूटचं वजन किती होतं, उडी मारायच्या आधी जेवायला काय दिलं, खाली उतरल्यावर गावातली माणसं काय म्हणाली. परत न आलेल्या सोबत्यांबद्दल तेच कधीतरी बोलतील, तेव्हा मधे बोलायचं नाही. त्यातलं एखादं नाव नीट लिहून घ्या. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे २०१९ ला झालं, त्याग चक्राच्या भिंतींवर २५ हजारांपेक्षा जास्त नावं ग्रॅनाइटमध्ये कोरलेली आहेत. सोसायटीतलं कुणी ना कुणी दिल्लीला जातंच, त्याच्याकडून त्या नावाचा फोटो मागवा, चांगला मोठा प्रिंट काढा आणि आजोबांना त्यांच्या घरीच द्या. शालीचं बजेट वाचलं तर ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीत टाका.

प्रश्न : शहीद म्हणायचं की हुतात्मा? आमच्या फलकावरून भांडण चाललंय. (ऐरोली)

उत्तर : भांडण मिटणार नाही, कारण सरकारदरबारी दोन्ही नाहीत. २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सरकारने सांगितलं होतं की फौजेत शहीद अशी संज्ञाच नाही, तिथे नोंद होते ती ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे लढाईतली हानी, अशी. हुतात्मा म्हटलं की आपल्याला आधी फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्र आठवतो. मला विचाराल तर फलकावर विशेषणाला जागाच देऊ नका. हुद्दा, नाव, पलटण, गाव, तारीख, ठिकाण. नाव मात्र घरच्यांकडून तपासून घ्या, संगमरवरात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की पुसता येत नाही.

प्रश्न : वडील आता नाहीत. त्यांची मेडलं १५ ऑगस्टला मी लावली तर चालेल का, की अपमान होतो? (नौपाडा)

उत्तर : ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत घरचे लावतात आणि त्याला कुणी अपमान समजत नाही, फक्त बाजू बदलते. स्वतः कमावलेली डावीकडे, वारसाने लावलेली उजवीकडे. तुम्ही उजवीकडे लावा, आणि सेफ्टी पिन जरा दणकट घ्या.